मार्केट शेअर बघून मक्तेदारी ठरत नसते (टेलिकॉमपुरतं बोलतोय)

एखाद्या टेलिकॉम कंपनीचा मार्केट शेअर ४० टक्क्यांच्या वर गेला की लगेच सुरू होतं, "झाली मक्तेदारी, आता बघा कसे रेट वाढवतात ते". समोरून उत्तर येतं की अहो अजून दोन-तीन कंपन्या आहेत ना, मग कसली मक्तेदारी. दोघंही एकच आकडा धरून भांडतात. नियामक जेव्हा हेच काम करायला बसतो तेव्हा हा आकडा बराच नंतर येतो, आणि तो येईपर्यंत निम्म्याहून जास्त निकाल लागून गेलेला असतो. कारण पहिला प्रश्न असा असतो की शेअर कशातला? कुठल्या सेवेतला, कुठल्या भागातला, आणि ग्राहकाला त्याऐवजी दुसरं काय घेता येतं? बाजाराची हद्द कशी आखली यावर तीच कंपनी सात टक्क्यांची पण होऊ शकते आणि शंभर टक्क्यांची पण, आणि माझ्या मते टेलिकॉममधली खरी मारामारी इथेच असते, पण बातम्यांमध्ये ती कधी दिसत नाही कारण ती भयंकर कंटाळवाणी आहे. तरी लिहितो.

हद्द आखायची जी पद्धत सगळीकडे वापरतात ती अमेरिकेच्या १९८२ च्या मर्जर गाइडलाइन्समधून आली, तिला स्निप टेस्ट म्हणतात. समजा एक सेवा आहे आणि ती विकणारी सगळ्या बाजारात एकच काल्पनिक कंपनी आहे. तिने भाव थोडासा, साधारण ५ ते १० टक्के, वाढवला आणि तो वर्षभर वगैरे तसाच ठेवला तर तिला फायदा होईल का? होत असेल तर बाजार तेवढाच, कारण ग्राहकांना पळायला जागा नाही. होत नसेल, म्हणजे लोक दुसऱ्या कशाकडे तरी जात असतील, तर ते दुसरं पण बाजारात घ्यायचं आणि परत तोच प्रश्न विचारायचा.

ऐकायला सोपं आहे, आकडे घालून बघा. १००० ग्राहक आहेत, प्रत्येकाकडून महिन्याला १०० मिळतात, एका ग्राहकामागे बदलता खर्च ४०, म्हणजे एकाकडून ६० सुटतात आणि एकूण ६०,०००. आता भाव १०५ केला की एकाकडून ६५ सुटतात, आणि ६०,००० ला ६५ ने भागलं की येतात ९२३. म्हणजे ७७ ग्राहक गेले तरी कंपनी जिथल्या तिथे, ७८ वा गेला की भाववाढ अंगाशी आली. आता टेलिकॉममध्ये टॉवर, फायबर, स्पेक्ट्रम हा सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, एक ग्राहक वाढला काय आणि कमी झाला काय, खर्चात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे सुटणारी रक्कम अजून मोठी असते. समजा बदलता खर्च ४० ऐवजी १० धरला तर फक्त ५२-५३ ग्राहक गेले की खेळ संपला. कंपन्यांचे वकील हे गणित घेऊन येतात आणि म्हणतात, बघा, इतके थोडे ग्राहक गेले तरी आमचं नुकसान होतं, म्हणजे आम्ही भाव वाढवूच शकत नाही, म्हणजे बाजार खूप मोठा धरा. यावरचं उत्तर पण तयार असतं, की बाबा रे, एवढा मार्जिन तुम्ही इतकी वर्षं टिकवून आहात म्हणजेच तुमचे ग्राहक भावाला फारसे हलत नाहीत, नाहीतर कोणीतरी भाव खाली आणला असता की. एकाच आकड्यातून दोन उलटे निष्कर्ष! म्हणून नुसतं गणित पुरत नाही, प्रत्यक्षात किती लोक कंपनी बदलतात, कुठून कुठे जातात, याचा डेटा मागवावाच लागतो.

याच टेस्टमध्ये अजून एक जुना खड्डा आहे. १९५६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ड्यू पॉन्टची केस होती, सेलोफेन बनवणारी कंपनी. कोर्टाने बघितलं की लोक सेलोफेनऐवजी बाकीचे वेष्टनाचे कागद पण वापरतात, म्हणून बाजार मोठा धरला आणि कंपनी सुटली. नंतर अर्थशास्त्रवाल्यांनी दाखवून दिलं की मक्तेदार कंपनीने भाव आधीच इतका चढवून ठेवलेला असतो की त्याच्यावर अजून वाढवला तर लोक कशाकडेही पळतील, म्हणून आजच्या भावावर टेस्ट लावली तर प्रत्येक मक्तेदार निर्दोष दिसणार. भाव स्पर्धेतला असता तर किती असता, तिथून सुरुवात करायला पाहिजे, आणि तो भाव तर कोणालाच दिसत नाही.

आता शंभर टक्केवाली गंमत. तुम्ही मला फोन लावला तर तो कॉल शेवटी माझ्या कंपनीच्या नेटवर्कवर येऊनच उतरणार, दुसरा रस्ताच नाही. माझ्या घराला एकच दार आणि किल्ली माझ्या कंपनीकडे, मग मी देशातल्या सगळ्यात छोट्या कंपनीचा ग्राहक का असेना. तुमच्या कंपनीला माझ्या कंपनीला टर्मिनेशन चार्ज, म्हणजे कॉल उतरवून घेण्याचे पैसे, द्यावाच लागतो, आणि जिथे कॉल करणारा पैसे देतो तिथे तो चार्ज किती आहे याच्याशी मला काहीच देणंघेणं नसतं, कारण तो माझ्या खिशातून जात नाही. त्यामुळे युरोपातले नियामक प्रत्येक नेटवर्कवरचं टर्मिनेशन हा एक वेगळा बाजार धरत आलेत आणि त्या बाजारात त्या कंपनीचा शेअर १०० टक्के. बाहेरून बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, दोन टक्के ग्राहक असलेली कंपनी "बाजारावर वर्चस्व असलेली" कशी, पण ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंय त्याला हीच हद्द बरोबर आहे. वर्षानुवर्षं प्रत्येक देशात हे दर वेगवेगळे ठरायचे, शेवटी युरोपियन युनियनने सगळ्यांसाठी एकच कमाल दर लावला, मोबाइलला मिनिटाला ०.२ युरो सेंट, २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने. भारतात हाच चार्ज आययूसी म्हणून ओळखला जायचा, आपला टेलिकॉम नियामक ट्रायने तो ऑक्टोबर २०१७ पासून १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य केला. चार्जच शून्य झाला की त्या शंभर टक्क्यांचं काही करता येत नाही.

भूगोलाचं पण तसंच. ब्रिटनमध्ये लँडलाइन आणि ब्रॉडबँडचा विषय निघाला की सगळं बीटी या देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीभोवती फिरतं, पण हल नावाच्या एका शहरात बीटीचं वर्चस्व नाहीच, तिथे जुन्या काळापासून वेगळी टेलिफोन कंपनी आहे, आता केकॉम, आणि तिथला नियामक ऑफकॉम त्या भागाचा हिशोब कायम वेगळा ठेवतं. म्हणजे देशपातळीवर अगदीच किरकोळ असलेली कंपनी एका शहराची मोठी खेळाडू, आणि देशातली सगळ्यात मोठी कंपनी त्या शहरात कोणीच नाही. देशाची सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. मला वाटतं भूगोलाकडे जेवढं लक्ष द्यायला पाहिजे तेवढं अजूनही दिलं जात नाही, विशेषतः फिक्स्ड ब्रॉडबँडमध्ये, जिथे एका रस्त्यावर तीन फायबर असतात आणि पुढच्या वस्तीत एकच जुनी तांब्याची तार.

मोबाइलमध्ये हद्दीवरून काय होऊ शकतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण भारतातलंच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकट सेवा घेऊन आली, एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली की हे प्रेडेटरी प्रायसिंग आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना संपवायला खर्चाच्या खाली भाव लावणं. आता कायद्यानुसार प्रेडेटरी प्रायसिंगचा आरोप लागायचा तर आधी ती कंपनी वर्चस्व असलेली पाहिजे. एअरटेलचं म्हणणं, बाजार फक्त ४जी चा धरा. त्या छोट्या चौकटीत जिओ अर्थातच खूप मोठी दिसणार होती. आयोगाने जून २०१७ मध्ये सांगितलं की नाही, ग्राहकाच्या दृष्टीने २जी-३जी-४जी असे वेगळे बाजार नाहीत, २२ सर्कलमधल्या (टेलिकॉमसाठी देशाचे पाडलेले भाग) प्रत्येकातली सगळी वायरलेस सेवा हा बाजार, आणि त्यात जिओचे ग्राहक सात टक्क्यांच्याही आत, बाकी जुने मोठे खेळाडू समोर बसलेत, कसलं वर्चस्व. केस तिथेच संपली. भाव खर्चाच्या खाली होता की नाही, हेतू काय होता, तिथपर्यंत कोणाला जावंच लागलं नाही.

निकाल बरोबर की चूक हा वाद वेगळा. त्या दिवशीच्या आकड्यांवर तो चुकीचा होता असं मला वाटत नाही, पण दर महिन्याला लाखांनी ग्राहक जोडणाऱ्या कंपनीचा एका तारखेचा शेअर बघून काय कळतं हा प्रश्न राहतोच. युरोपच्या पद्धतीत नियामकाने पुढच्या काही वर्षांत काय होईल हे बघायचं असतं, स्पर्धा आयोगासारख्या संस्था झालेल्या वागणुकीचा न्याय करतात. एकच शब्दावली, दोन वेगळी कामं. भारतात तर आधी कोणी बोलायचं यावरच भांडण झालं, इंटरकनेक्शनच्या (एका कंपनीचं नेटवर्क दुसरीला जोडून देण्याच्या) प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तांत्रिक मुद्दे आधी ट्राय ठरवेल, स्पर्धा आयोगाने त्याच्यानंतर यायचं.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, ट्रायचा टॅरिफ ऑर्डर आला होता. त्यात एसएमपी, म्हणजे बाजारात लक्षणीय ताकद असलेली कंपनी, कोण हे ठरवायला सर्कलमधल्या ग्राहकसंख्येत किंवा ग्रॉस रेव्हेन्यूमध्ये किमान ३० टक्के शेअर हा निकष ठेवला. आधीच्या व्याख्येत स्विचिंग क्षमता आणि ट्रॅफिकचं प्रमाण पण होतं, ते काढलं. आता डेटाचा पूर वाहत असताना ट्रॅफिक काढायचं म्हणजे कोणाचा फायदा हे वेगळं सांगायला नको, जुन्या कंपन्या टीडीसॅटकडे, म्हणजे टेलिकॉमच्या अपील न्यायाधिकरणाकडे, गेल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये टीडीसॅटने हे बदल रद्द केले. यात कोण खरं बोलत होतं ते सोडा, पण शेअर कशात मोजायचा एवढ्या एका ओळीवरून कंपनी आत की बाहेर ठरते हे मात्र स्वच्छ दिसलं.

आणि मोजणं काही सोपं नाहीच. ग्राहक मोजायचे तर एका माणसाकडे दोन सिम, त्यातलं एक ड्रॉवरमध्ये पडलेलं, शिवाय गाड्यांमधली, मीटरमधली मशीनची सिम. म्हणून ट्राय व्हीएलआरचा आकडा वेगळा देतं, म्हणजे नेटवर्कवर खरोखर चालू दिसलेली सिम, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत एकूण ग्राहक आणि चालू ग्राहक यातला फरक बघून हसू येतं. महसूल मोजायचा तर बंडलमधला किती भाग कशाचा? मोबाइल, ब्रॉडबँड, टीव्ही सगळं एका बिलात, कोणाच्या खात्यात किती टाकायचे ते अकाउंटंटच्या मनावर.

हे सगळं झाल्यावर येतो एचएचआय, हर्फिंडाल-हर्शमन इंडेक्स, बाजार किती थोड्या हातांत आहे ते सांगणारा आकडा. प्रत्येकाच्या शेअरचा वर्ग करायचा आणि बेरीज. ४०, ३०, २०, १० अशा चार कंपन्या असतील तर १६०० अधिक ९०० अधिक ४०० अधिक १००, झाले ३०००. शेवटच्या दोघी एकत्र आल्या तर ३४००. अमेरिकेच्या २०१० च्या गाइडलाइन्समध्ये २५०० च्या वर म्हणजे जास्त केंद्रित बाजार, २०२३ च्या गाइडलाइन्समध्ये ती रेघ परत १८०० वर आणली. मोबाइलमध्ये स्पेक्ट्रम मर्यादित, नेटवर्क महाग, त्यामुळे बहुतेक देशांत तीन-चारच कंपन्या, आणि चार अगदी सारख्या कंपन्या असल्या तरी एचएचआय २५०० येतो, म्हणजे १८०० च्या रेघेने बघितलं तर चार कंपन्यांचा मोबाइल बाजार पास होऊच शकत नाही! त्यामुळे मला हा आकडा टेलिकॉममध्ये थर्मामीटरपेक्षा जास्त काही वाटत नाही, ताप आहे एवढं सांगतो, कशामुळे ते नाही.

कशामुळे ते बघायचं तर शेअरच्या पलीकडे जावं लागतं. युरोपात ४० टक्क्यांच्या खाली वर्चस्व सहसा धरत नाहीत, ५० च्या वर असेल तर तो शेअरच मोठा पुरावा, पण त्याच्याबरोबर इतर गोष्टी बघाव्याच लागतात. (२००२ च्या आधी तिथे २५ टक्क्यांवरच एसएमपीचा शिक्का बसायचा, नंतर व्याख्या स्पर्धा कायद्यातल्या वर्चस्वाशी जोडली.) नवीन कोणी येऊ शकतो का? फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ मध्ये फ्री मोबाइल चौथी कंपनी म्हणून आली आणि दोन युरोचा प्लॅन घेऊन आली, पण ती येऊ शकली कारण स्पेक्ट्रम मिळाला होता आणि स्वतःचे टॉवर उभे होईपर्यंत ऑरेंजच्या नेटवर्कवर रोमिंग होतं. या दोनपैकी एक जरी नसतं तर दोन युरोचा प्लॅन कागदावर राहिला असता. ग्राहकाला नंबर न बदलता कंपनी बदलता येते का, किती दिवस लागतात, जुनी कंपनी मध्ये किती खोडे घालते? मोठे खरेदीदार भाव पाडून घेऊ शकतात का? कंपनीकडेच घाऊक नेटवर्क आणि किरकोळ दुकान दोन्ही आहेत का?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमचं प्रकरण बघा. तिची घरोघर गेलेली तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्यावी लागायची, आणि काही वर्षं प्रतिस्पर्ध्यांकडून त्या तारेचे जे पैसे घ्यायची ते स्वतःच्या ग्राहकाकडून घेत असलेल्या पैशांपेक्षा जास्त होते. म्हणजे घाऊक भाव किरकोळपेक्षा चढा, समोरच्याने विकायचं कसं! युरोपियन कमिशनने २००३ मध्ये १.२६ कोटी युरोचा दंड केला. कंपनी म्हणाली आमचे दर तर जर्मन नियामकाने मंजूर केलेले आहेत, त्यावर २०१० मध्ये युरोपच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की असतील, पण किरकोळ दर वर न्यायची मोकळीक तुम्हाला होती की. अमेरिकेत मात्र सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये असा मार्जिन स्क्वीझचा वेगळा दावा चालणारच नाही असं ठरवलं. एकच वागणूक, एकीकडे दंड, दुसरीकडे दावाच उभा राहत नाही.

युरोपच्या पद्धतीतली मला सगळ्यात हुशार वाटणारी गोष्ट म्हणजे नियमन नाहीच असं धरून बाजार बघायचा. कारण समजा ब्रॉडबँडला दहा कंपन्या आहेत आणि भाव कमी आहेत, पण त्यातल्या नऊ जणी पहिलीची तार नियामकाच्या हुकमामुळे स्वस्तात वापरतायत, तर ही स्पर्धा नियमनाने उभी केलेली आहे. ती बघून "वा, स्पर्धा आहे, नियमन काढा" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जणी आडव्या. म्हणून मनातल्या मनात हुकूम काढून टाकायचा आणि मग काय उरतं ते बघायचं. शिवाय तिहेरी चाळणी: प्रवेशाचे अडथळे मोठे आणि टिकाऊ आहेत का, बाजार आपोआप स्पर्धेकडे चाललाय का, आणि नुसता स्पर्धा कायदा पुरेल का. या चाळणीतून २००३ मध्ये १८ बाजार आधीच नियमन लावण्यालायक म्हणून यादीत होते, २००७ मध्ये ७, २०१४ मध्ये ४, २०२० मध्ये फक्त २, दोन्ही घाऊक आणि दोन्ही फिक्स्ड नेटवर्कचे.

मेक्सिकोने अगदी उलट रस्ता धरला. २०१३ च्या घटनादुरुस्तीत सरळ लिहिलं की अख्ख्या क्षेत्रात अर्ध्याहून जास्त हिस्सा असेल तर ती कंपनी प्रिपॉन्डरंट, म्हणजे वरचढ, बाजाराची हद्द आखायची भानगडच नको. मार्च २०१४ मध्ये अमेरिका मोव्हिल या मेक्सिकोच्याच बड्या टेलिकॉम कंपनीवर शिक्का बसला आणि तिच्यावर जास्तीची बंधनं आली. शुद्ध अर्थशास्त्रवाले नाक मुरडतात, पण प्रत्येक आदेश वर्षानुवर्षं कोर्टात अडकत असेल तर ढोबळ पण पटकन लागणारा नियम बरा की बारीक पण कधीच न लागणारा, हे मेक्सिकोला विचारा.

राहता राहिलं, एकाही कंपनीचं वर्चस्व नाही आणि तरी भाव वर चाललेत, सगळ्यांचे, एकाच आठवड्यात. कोणी कोणाला भेटलेलं नसतं. तीन कंपन्या, सगळ्यांचे प्लॅन वेबसाइटवर, एकीने वाढवले की दुसरीला लगेच दिसतं. युरोपातल्या २००२ च्या एअरटूर्स निकालाने (सहलींच्या कंपन्यांची केस, पण टेलिकॉमवाले अजून तीच उद्धृत करतात) सामुदायिक वर्चस्वासाठी अटी घातल्या: एकमेकांचं वागणं दिसलं पाहिजे, जी फुटेल तिला धडा शिकवता आला पाहिजे, आणि बाहेरच्या कोणाला हे मोडता येता कामा नये. सिद्ध करायला भयंकर अवघड.

मर्जरमध्ये हे ओझं थोडं हलकं होतं, तिथे युरोपात २००४ पासून वर्चस्व दाखवायची गरज नाही, स्पर्धेला मोठा अडथळा होतोय एवढं पुरतं. त्यावरच ब्रिटनमधल्या थ्री आणि ओटू या मोबाइल कंपन्यांचं मर्जर कमिशनने २०१६ मध्ये रोखलं, एकत्र येऊन ती कंपनी फार मोठी होते यापेक्षा थ्री ही बाकीच्यांना स्वस्थ बसू न देणारी कंपनी होती आणि तीच जाणार, शिवाय दोघींचे नेटवर्क दोन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर वाटलेले, हे मुद्दे होते. २०२० मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने तो निर्णय रद्द केला, पुरावा फार पक्का पाहिजे म्हणाले. २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने ते पण फिरवलं, की नुकसान होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालेल. तोपर्यंत ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलेलं, ते मर्जर कधीच बारगळलेलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच थ्रीला ब्रिटनच्या सीएमएने, म्हणजे तिथल्या स्पर्धा नियामकाने, व्होडाफोनबरोबर एकत्र यायला परवानगी दिली, चाराच्या तीन झाल्या. अटी अशा की नेटवर्कमधली गुंतवणूक आठ वर्षांत ठरल्याप्रमाणे करायची, आणि काही प्लॅनचे भाव व घाऊक अटी तीन वर्षं गोठवायच्या. भावावरचा लगाम तीन वर्षांनी सुटणार, नेटवर्कचं वचन आठ वर्षं चालणार, आणि मधल्या पाच वर्षांत ग्राहकाला कोण वाचवतं याचं सीएमएचं उत्तर असं आहे की तोपर्यंत नवीन नेटवर्कमुळे स्पर्धाच वाढलेली असेल.